चेंबरमधलं तीन लिटर

नांदुऱ्यात महामार्गाच्या कडेला १०५ फुटी हनुमान उभा आहे. त्याच्या समोरून रात्रंदिवस वाहनं जात असतात. ट्रक, ट्रॅव्हल्स, शेगावच्या दर्शनाला निघालेल्या जीपा, घरच्या छोट्या कार, आणि अर्थातच एकीवर चौघं बसलेल्या मोटरसायकली. यातल्या कुठल्याही धावत्या कारबद्दल एक गोष्ट सांगितली, तर ऐकणारा आधी हसेल आणि मग म्हणेल, काहीतरीच काय! गोष्ट अशी की इंजिनातला मुख्य फिरता दांडा, म्हणजे क्रँकशाफ्ट, ज्या बेअरिंगमध्ये बसवलेला असतो त्या बेअरिंगला तो टेकलेलाच नसतो. धातू धातूला लागत नाही. मधे तेलाचा थर असतो, जेमतेम काही मायक्रॉन जाडीचा. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड धरला, तर या थराची जाडी केसाच्या दहाव्या-विसाव्या हिश्शात बसते. पिस्टनचे तडाखे, सहा माणसं, डिकीतलं सामान, घाटातली चढण, सगळ्याचा ताण शेवटी त्या थरावर येतो. आणि तो थर फाटत नाही.

हेच ते ऑइल, जे आपण वर्षातून एकदा ‘बदलून टाका’ एवढं सांगून मोकळे होतो.

खरं सांगायचं तर नांदुऱ्यात कारचं ऑइल घरी बदलणारी माणसं थोडीच. मिस्त्री हाकेच्या अंतरावर असतो, मजुरी फार नसते आणि कपडे काळे होत नाहीत. पण ज्या घरांत शेती आहे त्यांना हे काम नवीन नाही. खडकीची किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी १९४६ची. शिवारात वीज पोचण्याआधी महाराष्ट्रातल्या कितीतरी विहिरींवर डिझेल इंजिनं धडधडत होती, आणि त्यांचं ऑइल बदलायला शहरातून कोणी येत नव्हतं. ज्याची विहीर त्याच्याच हातात पाना. ट्रॅक्टरच्या बाबतीत आजही बऱ्याच घरी तसंच आहे. त्याही आधी बैलगाडीच्या आखाला एरंडेलाचं वंगण द्यायचं काम घरचंच होतं. तेव्हा घरच्या गाडीखाली शिरणं ही काही परदेशातून आलेली हौस नाही. फक्त आखाचं वंगण आणि इंजिनाचं ऑइल यांच्यात एक मोठा फरक आहे, आणि तो माणसाला कळला तो चक्क एका लाकडी खुंटीमुळे.

साल १८८३. इंग्लंडमधल्या यांत्रिकी अभियंत्यांच्या संस्थेने बीचम टॉवर नावाच्या अभियंत्याला रेल्वेच्या आसांचं घर्षण मोजायला सांगितलं होतं. त्या काळी डब्याचं वजन आसावर यायचं ते वरून बसवलेल्या अर्धगोल पितळी बेअरिंगमधून. टॉवरने आसाचा खालचा भाग तेलात बुडेल अशी मांडणी केली. काम छान चाललं होतं. मग वरूनही तेल सोडता यावं म्हणून त्याने बेअरिंगच्या माथ्यावर अर्ध्या इंचाचं एक भोक पाडलं. आस फिरू लागला आणि झालं उलटंच. वरून तेल आत जायचं सोडून आतलं तेल भोकातून वर येऊन सांडायला लागलं. त्याने भोकात बूच मारलं. बूच बाहेर आलं. लाकडाची खुंटी ठोकली. तीही तेलाने हळूहळू वर ढकलून दिली. मग त्याने तिथे दाब मोजायचं घड्याळ बसवलं. बेअरिंगवरचा भार विभागून पाहिला तर दर चौरस इंचाला सरासरी १०० पौंड येत होता. घड्याळाचा काटा २०० पौंडांच्या शेवटच्या खुणेपर्यंत जाऊन पुढे सरकायला जागा उरली नाही.

म्हणजे तेल तिथे नुसतं घसरडेपणा आणत नव्हतं. ते वरचा सगळा भार उचलत होतं. तीन वर्षांनी, १८८६ साली, ऑस्बोर्न रेनॉल्ड्सने याचं गणित मांडलं आणि वंगणाचं शास्त्र उभं राहिलं. इकडे ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे नागपूरला १८६७ सालीच पोचली होती, आणि नांदुरा त्याच मार्गावरचं स्टेशन. टॉवरची खुंटी वर आली तेव्हा नांदुऱ्याच्या फलाटावरून आगगाड्या जायला लागून किमान सोळा वर्षं उलटली होती. चालवणाऱ्यांनाही ठाऊक नव्हतं की त्या तेलावर तरंगत चालल्या आहेत.

हे घडतं कसं? दांडा बेअरिंगच्या अगदी मध्यात बसत नाही, भारामुळे एका बाजूला किंचित सरकतो. त्यामुळे भोवतालची फट एकीकडे रुंद आणि दुसरीकडे अरुंद होते. तेल धातूला चिकटतं, म्हणून फिरणारा दांडा त्याला आपल्याबरोबर ओढत त्या निमुळत्या जागेत नेतो. तेल दाबून लहान होत नाही आणि मागून आणखी तेल येतच असतं. जागा नाही, वाट नाही. दाब वाढत जातो आणि तो दांड्याला उचलतो. गंमत इथे आहे. आपल्याला वाटतं, ऑइल पंप दांड्याला उचलत असेल. पंपाचा दाब हवेच्या दाबाच्या तीन-चार पट, फार तर पाच. बेअरिंगमधल्या त्या निमुळत्या फटीत तोच आकडा शेकड्यांवर जातो. पंप फक्त तेल दारापर्यंत आणून पोचवतो. उचलण्याचं काम दांडा स्वतःच्याच फिरण्याने करून घेतो.

आणि म्हणूनच थांबलेल्या इंजिनात तो तरंगत नाही. रात्रभर उभ्या गाडीत तेल खाली चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या भांड्यात, उतरतं, दांडा बेअरिंगवर टेकतो. सकाळी चावी फिरवली की पहिले काही क्षण धातूला धातू घासतो. तेल जितक्या लवकर वर पोचेल तितकं बरं. ऑइलच्या डब्यावरचे ते चमत्कारिक आकडे याचसाठी असतात.

५डब्ल्यू-३० असं काहीतरी लिहिलेलं असतं. डब्ल्यू म्हणजे विंटर, हिवाळा. आता नांदुऱ्यात, जिथे मे महिन्यात पारा ४४-४५ला सहज टेकतो, तिथे कसला आलाय हिवाळा? पण तेलाच्या नजरेने बघा. इंजिन गरम झाल्यावर त्याचं तेल ९० ते ११० अंशांवर काम करतं. त्या मानाने नांदुऱ्याची मे महिन्यातली रणरणती दुपारसुद्धा थंडीच. या तेलाचा दाटपणा ४० अंशांना जेवढा असतो, तो १०० अंशांना जवळपास सहाव्या हिश्शावर येतो. म्हणजे आपण घाम पुसत चावी फिरवतो तेव्हा चेंबरमधलं तेल अजून गारठलेलंच असतं. डब्ल्यूच्या आधीचा आकडा जितका लहान तितकं ते थंडीत लवकर पळतं. ५डब्ल्यूची परीक्षा उणे ३० अंशांना घेतात. आपल्याकडे तशी वेळ येणार नाही, पण सकाळच्या त्या पहिल्या क्षणांत फायदा मिळतोच. मागचा आकडा १०० अंशांना ते किती दाट राहील ते सांगतो.

एकच तेल थंडीत पातळ आणि उष्णतेत दाट, अशा दोन्ही बाजू कशा सांभाळतं? त्यात लांबलचक साखळ्यांचे रेणू मिसळलेले असतात. गार तेलात ते सुताच्या गुंड्यासारखे आवळून पडलेले असतात, कोणाच्या वाटेत येत नाहीत. तेल तापलं की ते उलगडतात, ऐसपैस पसरतात आणि पातळ होऊ पाहणाऱ्या तेलाला अडवतात. पुन्हा गार झालं की पुन्हा गुंडाळी. हजारो किलोमीटर गिअर-बेअरिंगांच्या चिमटीत सापडून या साखळ्यांचे तुकडे होत जातात, आणि जुनं ऑइल मग उष्णतेत हवं तेवढं दाट राहत नाही.

इथे एक शेजारचा सल्ला हमखास मिळतो: ‘आपल्याकडं ऊन लई, जाड ऑइल टाका.’ नव्या गाडीच्या बाबतीत हा सल्ला चुकीचा आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. बाहेर दहा अंश असोत की पंचेचाळीस, थर्मोस्टॅट इंजिनाचं तापमान जवळपास एकाच ठिकाणी धरून ठेवतो. आजकालच्या इंजिनांतल्या फटी बारीक असतात आणि पातळ तेलाच्या हिशेबानेच त्या ठेवलेल्या असतात. झिजलेल्या, ऑइल खाणाऱ्या जुन्या इंजिनात मिस्त्री जाड ऑइल टाकतो त्यात थोडं तथ्य आहे. बाकी गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तकात जे लिहिलंय ते.

आता थोडा हिशेब. टॉप गिअरमध्ये ताशी ६० किलोमीटरला इंजिनाचे मिनिटाला २५०० फेरे धरू. म्हणजे किलोमीटरमागे २५०० फेरे. दहा हजार किलोमीटरला अडीच कोटी. प्रत्येक फेऱ्यात पिस्टन एकदा वर, एकदा खाली. एका वेळचं अंतर आठ सेंटीमीटर धरलं तर दोन ऑइलबदलांच्या मधे प्रत्येक पिस्टन सिलिंडरच्या भिंतीवर चार हजार किलोमीटर घासत जातो. नांदुऱ्याहून कन्याकुमारीला जाऊन परत येऊन वर थोडं उरेल एवढं अंतर, आठ-आठ सेंटीमीटरनं. डोक्यावर दोन हजार अंशांच्या घरातला जाळ. आणि इतकं होऊन सिलिंडरची झीज केसाच्या जाडीइतकीही होत नाही.

पण पिस्टनची गोष्ट दांड्यासारखी सोपी नाही. पिस्टन वरच्या टोकाला आणि खालच्या टोकाला क्षणभर थांबतो. वेग नाही तर तरंगणंही नाही. झडपा उघडणाऱ्या कॅमशाफ्टच्या उंचवट्यांवर तर भार एवढ्याशा रेघेवर येतो. अशा जागी थर फाटतो आणि धातू धातूला भिडतो. तिथे तेलातला एक वेगळाच घटक कामाला येतो. जस्त, फॉस्फरस आणि गंधक यांचं हे संयुग. वापरात आलं १९४०च्या दशकात, आणि तेही तेल लवकर सडू नये, बेअरिंग गंजू नयेत यासाठी. झीज थांबवण्याचा त्याचा गुण नंतर लक्षात आला. जिथे घासतं, जिथे तापतं, नेमक्या तिथेच हे संयुग फुटतं आणि धातूवर काचेसारखं एक कवच चढवतं, मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढं. कवच घासून जातं, पुन्हा चढतं. जिथे गरज नाही तिथे चढत नाही. दुखेल तिथेच आपोआप लागणारं असं मलम शोधून ऐंशी वर्षं होत आली, तरी त्याच्या तोडीचं दुसरं काही रसायनतज्ज्ञांच्या हाती लागलेलं नाही. फॉस्फरसमुळे सायलेन्सरच्या वाटेवरचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होतो, म्हणून हल्ली त्याचं प्रमाण कमी ठेवतात, इतकंच.

मग ऑइल काळं का होतं? बहुतेकांना वाटतं, काळं झालं म्हणजे खराब झालं. डिझेल गाडीत नवं ऑइल घालून पाच-पन्नास किलोमीटर जावं आणि ऑइल मोजायची पट्टी ओढून बघावी, काळंभोर. दुकानदाराने फसवलं असं वाटायला लागतं. प्रत्यक्षात ते ऑइल आपलं काम चोख करत असतं. जळणातून काजळी तयार होते, तिचा कण माणसाच्या केसाच्या हजाराव्या भागाइतका बारीक. हे कण एकमेकांना चिकटले तर गाळ होतो, बारीक नळ्या तुंबतात. तेलातले काही रेणू प्रत्येक कणाला वेढून घेतात आणि दुसऱ्या कणाजवळ जाऊ देत नाहीत. काजळी तेलात तरंगत राहते, इंजिन स्वच्छ राहतं आणि तेल काळं दिसतं. वर्षभर पिवळंधमक राहणाऱ्या तेलावर मी जास्त संशय घेईन.

जळणातून आम्लही तयार होतं. ते मारायला तेलात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार घातलेले असतात आणि ते हळूहळू संपत जातात. पूर्वी डिझेलमध्ये गंधक पुष्कळ असे, आम्लही तसंच. १ एप्रिल २०२०पासून देशभर बीएस-६ इंधन आलं आणि गंधकाची मर्यादा दहा लाख भागांत ५० वरून १० भागांवर आली, तेलाचा भार तेवढा हलका झाला. पाण्याचं मात्र तसंच आहे. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास एक लिटर पाणी तयार होतं. बहुतेक वाफ होऊन सायलेन्सरमधून जातं, पण थोडं पिस्टनच्या रिंगांमधून खाली झिरपतं. लांबच्या प्रवासात तेल चांगलं तापतं आणि ते पाणी उडून जातं. घर ते बाजार, बाजार ते स्टेशन, स्टेशन ते घर, असा नांदुऱ्यातल्या नांदुऱ्यात फिरणारा माणूस समजतो की आपली गाडी फार चालत नाही, ऑइल चांगलंच असणार. उलट याच गाडीचं ऑइल आधी बिघडतं. ऑइल भरायचं झाकण उघडल्यावर आत फिकट पिवळसर साय दिसली तर समजावं, पाणी आत साठतंय. म्हणून पुस्तकात ‘दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते’ असं लिहिलेलं असतं, आणि त्यातलं ‘एक वर्ष’ कोणी वाचत नाही.

ऑइलची तब्येत बघायची एक जुनी, बिनखर्ची रीत आहे. पट्टीवरचा एक थेंब टिपकागदावर सोडायचा आणि कागद काही तास आडवा ठेवायचा. काजळी मध्यापासून कडेकडे विरळ होत पसरली तर तेल अजून काजळी वागवतंय. मध्येच काळा, टोकदार कडेचा गोळा आणि बाहेर नुसतं फिकट तेल असं दिसलं, तर त्याची ताकद संपली.

आता प्रत्यक्ष काम. गाडी वॉरंटीत असेल तर या भानगडीत पडू नका, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरलाच जाऊ द्या. नसेल तर रविवार सकाळ बरी. शनिवारी तेल आणि लोखंड घरात आणू नये असा बऱ्याच घरांत दंडक असतो. इथे तर दोन्ही लागतं, तेव्हा ऑइलचा डबा आणि फिल्टर शुक्रवारीच आणून ठेवावा, म्हणजे आजीशी वाद नको.

गाडी सपाट जागी लावून पाच मिनिटं चालू ठेवायची. कोमट तेल लवकर उतरतं आणि तळाची घाण बरोबर घेऊन येतं. लांबून आलेल्या गाडीचं ऑइल लगेच सोडायचं नाही, हात भाजतो. हँडब्रेक ओढून चाकांना दगड लावावेत. आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही, कधीही शिरू नये. जॅक निसटतो. मजबूत स्टँड किंवा रॅम्प नसतील तर हे काम मिस्त्रीकडेच करावं, यात कमीपणा काही नाही.

चेंबरच्या तळाला एक बोल्ट असतो, बहुतेक गाड्यांना १४ किंवा १७चा पाना लागतो. रिंग पान्याने सैल करावा आणि शेवटचे आटे हातमोजा घालून बोटांनीच, आत दाबून धरत सोडवावेत. मग हात झटकन बाजूला. पहिली धार सरळ खाली पडत नाही. करंगळीएवढी जाड, चकचकीत काळी धार तिरकी उडते, आणि भांडं बरोबर बोल्टखाली ठेवलं असेल तर भांड्यापलीकडे फरशीवर पडते. दोनेक मिनिटांत तीच धार बारीक होत, वाकत भोकाच्या जवळ येत जाते. आतल्या तेलाची उंची जशी कमी होते तसा धारेचा वेग कमी होतो. सतराव्या शतकात इटलीतल्या टॉरिचेल्लीने पाण्याबद्दल सांगितलेला नियमच आपल्या अंगणात चाललेला असतो. शेवटी सुतळीएवढी धार, मग टपटप. ही टपटप पुरती थांबू द्यावी. बोल्टला चुंबक असेल तर त्याच्या टोकावर करड्या रंगाचा लेप दिसतो, बोटांत चोळला तर साबणाइतका मऊ. ते तुमच्या इंजिनाचं लोखंड. मऊ लेप असणं नेहमीचंच आहे. टोचणारे कण किंवा चकाकणारे तुकडे मिळाले तर मात्र बोल्ट तसाच मिस्त्रीला दाखवावा.

वॉशर नवा टाकावा. बोल्ट आवळताना ताकद दाखवू नये. बऱ्याच गाड्यांत चेंबर ॲल्युमिनियमचं असतं, आटे मेले की दोनशे रुपये वाचवायला निघालेल्या माणसाचे काही हजार जातात. फिल्टर काढताना जुन्याचं रबर इंजिनाला चिकटून तर राहिलं नाही ना, हे डोळ्यांनी बघून घ्यावं. दोन रबरं एकावर एक बसली की गाडी सुरू होताच सगळं नवं ऑइल जमिनीवर. नव्या फिल्टरच्या रबराला नव्या तेलाचं बोट फिरवून तो हाताने बसवावा आणि रबर टेकल्यावर पाऊण फेरा आणखी. पाना लावायचा नाही. भरताना पुस्तकातल्या मापापेक्षा थोडं कमीच ओतावं, इंजिन मिनिटभर चालवून बंद करावं, पाच मिनिटं थांबून पट्टी बघावी आणि मग दोन खुणांच्या मधे आणावं. जास्त ऑइल म्हणजे जास्त चांगलं असं नाही. पातळी वर गेली तर क्रँक त्यात बुडून तेल घुसळतो, फेस होतो, आणि फेसाला भार उचलता येत नाही.

इंजिन सुरू केल्यावर डॅशबोर्डवरचा लाल चिराग, म्हणजे ऑइलचा दिवा, लगेच विझायला हवा. तो दिवा ऑइल किती आहे ते सांगत नाही, दाब आहे की नाही तेवढंच सांगतो. म्हणून धावत्या गाडीत तो लागला तर ‘पुढच्या गावात बघू’ म्हणू नये. तिथेच कडेला घ्यावी, इंजिन बंद करावं. दाब नाही म्हणजे बेअरिंगपर्यंत तेल नाही, आणि मग इंजिन सीझ व्हायला काही मिनिटं पुरतात.

मोटरसायकलवाल्यांसाठी दोन शब्द. स्प्लेंडरसारख्या गाडीत ऑइल एक लिटरलाही थोडं कमीच लागतं, पण ते तेवढंच तेल इंजिन, गिअर आणि क्लच तिघांना सांभाळतं. क्लचच्या प्लेटा तेलात बुडालेल्या असूनही त्यांनी एकमेकींना घट्ट धरायचं असतं. कारचं ऑइल जास्त घसरडं केलेलं असतं, ते टाकलं तर क्लच स्लिप होऊ शकतो. म्हणून डब्यावर जासो एमए अशी खूण बघून घ्यावी. आणि या गाडीत कारसारखा कागदी फिल्टर नसतो. एक जाळी असते आणि क्रँकच्या टोकाला एक फिरती वाटी. वाटी क्रँकच्याच वेगाने गरगर फिरते, तेलातले जड कण कडेला फेकले जाऊन तिथे चिकटून बसतात, स्वच्छ तेल मधून पुढे जातं. वर्षानुवर्षं न उघडलेली वाटी उघडली की आत खरवडून काढावी लागेल अशी काळी खळ मिळते. पैशांत स्वस्त, बुद्धीत महाग अशी ही युक्ती आहे.

एवढं करून पैसे किती वाचतात? मजुरीचे, म्हणजे थोडेच. ज्याला नुसते पैसे वाचवायचेत त्याने हा उद्योग करू नये. ज्याला आपल्या गाडीच्या पोटात काय चाललंय ते बघायचंय, त्याने एकदा तरी करावा. रिकामा डबा भंगारात देताना त्याला भोक पाडा. चांगल्या कंपनीच्या अखंड डब्यात भेसळीचं ऑइल भरून विकणारे आहेत.

आणि खरी अडचण इथून पुढे सुरू होते. भांड्यात आता तीन लिटर काळं ऑइल आहे. आपल्याकडे त्याचे नाना उपयोग करतात. सेंट्रिंगच्या प्लेटांना लावतात, वाळवी लागू नये म्हणून दारं-मेढींना फासतात, डासांसाठी डबक्यात ओततात. या तेलात शिसं, जस्त आणि जळणातून आलेली घातक रसायनं असतात. वरचेवर कातडीला लागलं तर कातडीच्या कॅन्सरचा धोका असतो. मातीत गेलं की ते पावसाबरोबर खाली उतरतं. एक लिटर वापरलेलं ऑइल दहा लाख लिटर गोडं पाणी नासवू शकतं. नांदुऱ्यात नाल्यात ओतलेलं ज्ञानगंगा नदीच्या दिशेने जाणार, आणि ज्ञानगंगेचं पुढे पूर्णेला.

वाईट याचं वाटतं की हे तेल वाया जायचं कारणच नाही. त्यातलं मूळ तेल बहुतेक शाबूत असतं. संपतात ती औषधं आणि साठते ती घाण. निर्वात पात्रात तापवून, गाळून, शुद्ध करून त्याचं पुन्हा नवं ऑइल करता येतं. कायद्याने वापरलेलं ऑइल घातक कचऱ्यात मोडतं, आणि सप्टेंबर २०२३मध्ये काढलेल्या नियमांनुसार १ एप्रिल २०२४पासून ऑइल बनवणाऱ्या कंपन्यांवरच ते परत गोळा करून शुद्ध करवून घेण्याची जबाबदारी टाकली आहे. ती साखळी तुमच्या अंगणापर्यंत आपोआप येणार नाही. ऑइल थंड झालं की घट्ट झाकणाच्या कॅनमध्ये भरा, त्यात पाणी, रॉकेल, कूलंट काही मिसळू नका, आणि जो मिस्त्री किंवा सर्व्हिस सेंटर पिंपात जमा करून अधिकृत शुद्धीकरणवाल्याला देतो त्याच्याकडे नेऊन द्या. नांदुऱ्यात नसेल तर मलकापूर किंवा खामगावला जाताना न्या. असा कोण आहे हे आधी विचारून ठेवा, आणि मगच पाना हातात घ्या.